चंद्र साडेतीन अंश मागे

तिसऱ्यांदा आकडेमोड करूनही चंद्र साडेतीन अंश मागेच राहिला, तेव्हा जहूर परकारने पेन्सिल टेबलावर ठेवली आणि पंख्याच्या वाऱ्याने फडफडणाऱ्या कागदांवर पंजा दाबून तो नुसता बसून राहिला. शारजाच्या विमानतळावर हवामानाच्या नोंदी घेण्यात त्याची बारा वर्षं गेली होती. तेवढ्या काळात आपली चूक आणि कागदाची चूक यांतला फरक त्याला कळू लागला होता. आपली चूक दर वेळी वेगळी येते, कागदाची चूक दर वेळी तीच येते. समोरचा कागद पाचशे वर्षांपूर्वीचा होता; म्हणजे खरं तर कागदही नव्हता, चामड्याच्या पानांच्या एका लॅटिन पोथीचा फोटो होता. उत्तर इटलीतल्या एका विद्यापीठाच्या गावी वैद्यक शिकणाऱ्या कुणा विद्यार्थ्याने ती पोथी स्वतःच्या हाताने उतरवून काढली होती. त्या विद्यार्थ्याचा सूर्य बरोबर होता, गुरू बरोबर होता, शनी तर मिनिटापर्यंत जुळत होता. चुकला होता तो एकटा चंद्र, आणि तोही साडेतीन अंशांनी. साडेतीन अंश म्हणजे हात लांब करून आकाशाकडे धरला तर दोन बोटांची रुंदी. एवढ्याशा अंतराने कुणी अस्वस्थ व्हावं असं काही नव्हतं. तरी जहूरला तो कागद बाजूला सारता येत नव्हता, आणि का ते त्याला सांगता येत नव्हतं. कारण न सांगता येणाऱ्या गोष्टींवर त्याचा विश्वास नव्हता, म्हणून तो उठून बाहेर गेला आणि वाऱ्याची दिशा पाहून आला. वायव्य. सकाळपासून वायव्यच होती.

हे फोटो त्याच्याकडे आले बॅरेट साहेबांकडून. दुबईच्या खाडीतला गाळ काढून मोठ्या पडावांना, मालाच्या गलबतांना, वाट करून देण्याचं काम चाललं होतं, त्यावरचे ते सर्व्हेअर. भरती-ओहोटीचे आकडे आणि वाऱ्याच्या नोंदी यांच्या देवघेवीतून दोघांची ओळख झाली. बॅरेट साहेबांना लॅटिन येत होतं आणि म्हातारपणी एखादा विद्वत्तेचा निबंध लिहावा अशी त्यांची इच्छा होती. आकडेमोडीचा मात्र त्यांना कंटाळा. जहूर मुंबईचा बी. एस्सी., गणित घेऊन झालेला, आणि त्याच्या ऑफिसात हँडल फिरवून चालवायचं गणकयंत्र होतं. म्हणून एक तपकिरी पाकीट त्याच्या हवाली झालं. पोथी विकत घेण्याची ऐपत नसलेले विद्यार्थी ती अशी उतरवून घेत, असं साहेबांनी चहा पिता पिता समजावलं होतं: आधी ग्रहांची कोष्टकं, मग फलज्योतिषाचे नियम, आणि शेवटी उरलेल्या कोऱ्या पानांवर स्वतःची प्रकरणं. रोगी अंथरुणाला कोणत्या घटकेला खिळला ते विचारायचं, त्या घटकेचा चंद्र मांडायचा, आणि त्यावरून औषध कधी द्यायचं, रक्त कधी काढायचं ते ठरवायचं. चंद्र नको तिथे असला तर वैद्याने हात आखडून बसायचं. हे खेड्यातले वैदू करत नव्हते, विद्यापीठातले पदवीधर करत होते. जहूरने यावर सांगितलं की आमच्या गावचे मौलवीसाहेब तावीज देतात, पण निदान ते कोष्टकं पाहत नाहीत. साहेब खूप हसले होते. जहूर हसला नव्हता. विनोद करून स्वतः न हसण्याची त्याची सवय जुनी होती.

पोथीतल्या अशा सोळा प्रकरणांपैकी पंधरा जुळली. सोळाव्याच्या समासात साहेबांनी पेन्सिलीने भाषांतर लिहून ठेवलं होतं: मार्चच्या अठ्ठाविसाव्या दिवशी, मध्यान्हानंतर सव्वापंधरा तासांनी, माझी मुलगी आजारी पडली. खाली चंद्रावरून काढलेले औषधाचे दिवस. त्याच्याही खाली, वेगळ्या शाईत, एकच ओळ: सातव्या दिवशी गेली. नाव नव्हतं, वय नव्हतं. जहूरने भिंग काढलं. सव्वापंधराचा आकडा जिथे लिहिला होता तिथे चामडं खरवडल्यासारखं दिसत होतं. त्या खडबडीत जागेवर शाई फुटून अक्षराच्या कडेला बारीक केस फुटल्यासारखे झाले होते. चामड्यावरचं लिहिलेलं चाकूने खरवडून काढता येतं, हे त्याला साहेबांनीच सांगितलं होतं. भिंग तिरकं धरल्यावर खरवडीखालचा जुना आकडा दिसला. नऊ. त्याने नऊ तास धरून चंद्र पुन्हा मांडला. यंत्राचं हँडल शेवटचं फिरलं आणि चंद्र जागच्या जागी येऊन बसला, मिनिटाचाही फरक न ठेवता.

म्हणजे मूळ हिशेब नऊ तासांचा होता. मग कधीतरी त्या माणसाने नऊ खरवडून सव्वापंधरा केले आणि चंद्र बदलायचा विसरला, किंवा त्याला तो पुन्हा मांडवला नाही. पण नवाचे सव्वापंधरा का व्हावेत? ही काही लेखणीची घसर नव्हती. ऑक्सफर्डात बसलेल्या एखाद्या पंडिताला याचं उत्तर शोधायला वर्ष लागलं असतं. जहूरला चहा निवायला लागतो तेवढा वेळ लागला. मार्च अखेरीला सूर्य सव्वासहाला मावळतो. सूर्यास्तापासून नऊ तास मोजले तर पहाटेचे सव्वातीन, आणि पहाटेचे सव्वातीन म्हणजे मध्यान्हापासून सव्वापंधरा. त्या गावची घंटा सूर्यास्तापासून तास मोजत असणार. घरातल्या कुणी तरी, आईने किंवा दाईने, त्याला सांगितलं असणार: पोर नवाच्या ठोक्याला तापली. आणि हा विद्वान, ज्याच्या कोष्टकांत दिवस मध्यान्हापासून सुरू होतो, त्याने नऊ हा आकडा घेतला आणि कोणते नऊ हे विचारलं नाही. सहा तास मागचा चंद्र मांडून त्याने औषधाचे दिवस काढले, आणि त्या दिवसांची वाट बघत तो बसला. चंद्र बरोबर असता तर मुलगी वाचली असती असं जहूर क्षणभरही मानत नव्हता. चंद्राचा आणि तापाचा संबंध नाही. पण त्या माणसाच्या लेखी तो होता, आणि चाकू हातात घेताना त्याचं मानणंच तेवढं खरं होतं.

जहूरला हे इतक्या लवकर उमगलं याचं कारण त्याच्या घरात तसलंच घड्याळ होतं. दुबईत तेव्हा दोन वेळा चालत. बँका, विमानं आणि साहेब लोकांची ऑफिसं यांची एक. तिला सगळे इंग्रजी टाइम म्हणत. बाजाराची, मशिदीची आणि घरांची दुसरी, अरबी टाइम. मगरिबची अजान झाली, सूर्य बुडाला, की घड्याळाचे काटे बारावर आणायचे. तिथून नवा दिवस. जहूर ऑफिसात आणखी तिसरी, ग्रिनिचची वेळ वापरायचा, आणि तिन्हींमधली ये-जा त्याच्या डोक्यात इतकी आपोआप चाले की आपण काही बदलून घेतो आहोत हे त्याच्या ध्यानातही येत नसे. बर दुबई नावाच्या वस्तीत कापडबाजाराच्या मागे, खोल्यांत वारा उतरवणारा मनोरा असलेल्या एका जुन्या घराच्या माडीवर तो आणि त्याची बायको जैनब राहत. खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ जैनबच्या ताब्यात होतं आणि लग्नानंतर इथे आल्यापासून रोज संध्याकाळी ती त्याचे काटे बारावर आणून ठेवी, कारण शेजारणी, नमाज आणि नळावरची पाळी सगळं त्याच वेळेवर चाले. पण गेली चार वर्षं ती प्रत्येक गोष्टीला विचारायची. जेवायला दोनला येतो म्हटलं की, "कोणता टाइम?" खैरुद्दीन पाचला येणार आहे म्हटलं की, "कोणता टाइम? इंग्रजी की अरबी?" आवाजात राग नाही, टोमणा नाही, पातेल्यात मीठ घातलं का असं विचारावं तसं. जहूर तेवढ्याच सपाट आवाजात उत्तर द्यायचा आणि दर वेळी त्याला डाव्या हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंत एक उष्ण वजन जाणवायचं, साधारण सहा किलोचं. मज्जातंतूंची स्मृती म्हणून त्याने ते सोडून दिलं होतं. हे वजन सकाळी अकराच्या नोंदीच्या वेळी हमखास येतं, हेही त्याने नोंदलं होतं. फक्त कुठे लिहून ठेवलं नव्हतं.

त्या दिवशी घरी जाताना त्याच्याबरोबर जीपमध्ये खैरुद्दीन होता. दापोलीकडचा, विमानतळाच्या स्टोअरमधला कारकून. सपाट मिठागरासारख्या जमिनीवरून जीप जात होती आणि खैरुद्दीन त्या तपकिरी पाकिटाची चेष्टा करत होता. "पाचशे वर्षांपूर्वीचा चंद्र आज दुरुस्त करून तू कोणतं विमान उतरवणार आहेस, हबीबी?" असं त्याने विचारलं. मग एकदम गंभीर होऊन, गुरुवारच्या बोटीची जागा पक्की झाली का, ते विचारलं. झाली होती. जैनबला सातवा महिना लागला होता. बाळंतपणाला माहेरी जाणं यात काही विशेष नव्हतं, ही वाक्यं जहूरने ऑफिसात सगळ्यांना सांगितली होती. जे सांगितलं नव्हतं ते हे, की जैनब होणारं मूल तिकडेच ठेवून येणार होती. तिची मोठी बहीण जुलेखा, रत्नागिरीजवळ राजिवड्याला राहणारी, लग्नाला पंधरा वर्षं होऊन मूल नसलेली. पत्रं गेली होती, आली होती, सगळं ठरलं होतं. जहूरने कारण विचारलं तेव्हा जैनबने मान वर न करता सांगितलं होतं: "माझ्या हातात मूल राहत नाही." पुढे विचारण्याची त्याची हिंमत झाली नव्हती, कारण त्याचं उत्तर त्याच्याकडेच होतं. शेजारच्या ताजबी खालाने मात्र त्याला जिन्यात अडवून सुनावलं होतं. अख्ख्या आसमंताचं वारं मोजतोस, म्हणाली, घरातलं कधी मोजणार?

बासष्टच्या जूनमध्ये त्यांची मुलगी शहनाझ दहा महिन्यांची होती. बुधवारी तिला जुलाब सुरू झाले. संध्याकाळी दोघं तिला घेऊन पडावातून खाडीपलीकडच्या हॉस्पिटलात गेली. डॉक्टरांनी तपासलं, औषध दिलं आणि जहूरला बाजूला घेऊन सांगितलं: उद्या अकराला परत आणा, बरी दिसली तरी आणा, गरज पडली तर सलाइन लावू, या उन्हात एवढी मुलं फार लवकर सुकतात. जहूरची दुसऱ्या दिवशी पहाटे पाचपासून ड्यूटी होती. निघताना त्याने नोंदवहीच्या कागदाचा एक तुकडा फाडून त्यावर लिहिलं: 'अकरा वाजता हॉस्पिटल. उशीर नको.' आणि तो घड्याळाच्या खिळ्याला अडकवला. त्या घड्याळाच्या, ज्याचे काटे आदल्या संध्याकाळी अजानीला जैनबने बारावर आणले होते. गुरुवारी दुपारी वादळ उठलं, धुळीने धावपट्टी दिसेना, त्याच्या जागी येणारा माणूस वाटेत अडकला. जहूर संध्याकाळपर्यंत दर अर्ध्या तासाला दृश्यमानता मोजत राहिला आणि मनात कुठेतरी समाधानी होता की पोर सकाळीच हॉस्पिटलात पोचली. त्या घड्याळात अकरा पहाटे एकदा वाजून गेले होते, पण ती हॉस्पिटलची वेळ नव्हती; पुन्हा वाजले ते संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी. तोपर्यंत जैनब थांबली होती. तिला ते शहाणपणाचंच वाटलं होतं, तिने नंतर सांगितलं: ऊन उतरल्यावर बोलावलं आहे, डॉक्टर समजूतदार आहेत. आणि दुपारी पोर शांत झोपली होती. ती झोप नव्हती हे तिला कोण सांगणार? सात तास दहा मिनिटं. शुक्रवारी पहाटे, फजरच्या नमाजाच्या सुमाराला शहनाझ गेली.

सकाळी कफनाचं कापड आणि दाखल्याचे कागद घ्यायला जहूर एकटाच घरी आला. उन्हासाठी खिडक्यांची दारं लावलेली होती, खोलीत अंधुक होतं, आणि खिळ्याला तो कागद तसाच होता. त्याने तो वाचला. तेव्हा त्याला सगळं कळलं, एखादं समीकरण सुटावं तसं, आवाज न होता. ऑफिसात तो नव्या माणसांना शिकवायचा की नोंदवहीत खोडरबर चालत नाही. चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, आणि पुढे आपली सही. त्याने खिशातली तीच पेन्सिल काढली आणि 'अकरा वाजता' याच्या आधी, समासात थोडी जागा होती तिथे, दोन शब्द लिहिले: 'इंग्रजी टाइम'. वायुभारमापक वाचायला लागतो त्याहून कमी वेळ लागला. आपण हे का करतो आहोत असा विचार त्याच्या मनात आला नाही. जनाजा झाला. दुपारी घरात बायका असताना जैनब भिंतीला टेकून म्हणाली की तुम्ही अकरा लिहिलंत, मी अकराला निघाले, आणि त्याने फक्त खिळ्याकडे बोट केलं. ती उठली, कागदाजवळ गेली, बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "मी नीट वाचलं नाही." बायकांनी तिला धरून बसवलं. नंतर त्याने कागद शोधला तेव्हा तो खिळ्यावर नव्हता. केरात गेला असणार, असं त्याने धरलं.

आणि आता चार वर्षांनी एक इटालियन त्याच्या टेबलावर येऊन बसला होता. भुतांवर जहूरचा विश्वास नव्हता आणि त्याला भूत दिसतही नव्हतं. दिसत होता तो फक्त हात. गाजर खरवडावं तसा चाकू तिरका धरून चामड्यावरून हळूहळू फिरणारा, मधेच थांबून धूळ फुंकणारा. तो आवाज त्याला ऑफिसात ऐकू येई, पडावात ऐकू येई, जैनब चुलीपुढे नारळ खवत असली की माडीवर ऐकू येई. कुणासाठी खरवडलं त्याने? पोथी त्याची एकट्याची होती. बायकोला लॅटिन वाचता येत नसणार. देव असलाच तर त्याला खरवडीखालचं दिसत असणार. म्हणजे त्याने ते केलं ते पोथी उघडल्यावर स्वतःच्याच डोळ्यांना नऊ दिसू नयेत म्हणून. आणि मग जन्मभर त्या पानावर त्याला सव्वापंधरा दिसलेच नसतील, नऊच दिसले असतील. हा तर्क जहूरला निर्दोष वाटला. तो पुन्हा पुन्हा तपासून पाहिला तरी त्यात फट सापडली नाही.

मंगळवारी तो बॅरेट साहेबांना भेटला आणि सगळं समजावून सांगितलं. साहेब आनंदाने उठून उभे राहिले. त्या प्रांतातल्या घंटा सूर्यास्तापासून तास मोजत, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं, पण या पानाशी त्याचा संबंध जोडायचं त्यांना सुचलं नव्हतं. जहूरने दोन पानांचं टिपण लिहावं, ते निबंधाला जोडू, खाली त्याचं नाव येईल, असं ते म्हणाले. मग पाइप पेटवत, जवळजवळ प्रेमाने, ते त्या विद्यार्थ्याबद्दल बोलले. चुकला, ते सोडून द्या, सगळेच चुकतात. पण रेघ मारून शेजारी खरं लिहिलं असतं तर आज आपण त्याला मान दिला असता. "बिचारा," ते म्हणाले, "पाचशे वर्षांनी पकडला गेला." जहूरने टिपण लिहायचं कबूल केलं. बाहेर पडल्यावर खाडीच्या काठी तो बराच वेळ उभा होता. गाळ उपसणारं यंत्र तळाचा काळा चिखल वर काढून दुसरीकडे टाकत होतं. पडाववाल्याने यल्ला, चला, म्हणून दोनदा हाक मारली, मग त्याला सोडून पडाव निघून गेला. मानगुटीवर पाचशे वर्षं बाळगणं त्याला शक्य नव्हतं. आणि त्याच्या हिशेबाने अवधी दोन दिवसांचा होता. गुरुवारी बोट सुटली की एक मूल, अजून न जन्मलेलं, दोन खोट्या शब्दांमुळे आपल्या आईपासून तोडलं जाणार होतं. सांगितलं तर जैनब मूल ठेवील आणि कदाचित त्याला सोडील. न सांगितलं तर जैनब परत येईल, रिकाम्या हातांनी, आणि तशीच विचारत राहील, कोणता टाइम. दोन्ही बाजू त्याने मांडल्या. कोणत्याही कोष्टकात पुढचं उत्तर नव्हतं.

बुधवारी तो दोन वाजता घरी आला. जैनब ट्रंक भरत होती. खालच्या थरात जुलेखासाठी कापड, तिच्या नवऱ्यासाठी अत्तर, खजुराचे डबे, एक थर्मास. वर तिच्या साड्या. आणि एका बाजूला मलमलची लहान लहान झबली, शिवून घडी घातलेली. ताजबी खाला दाराशी बसून सूचना देत होती, बोटीवर आंबट खाऊ नको, खिडकीपाशी झोपू नको. जहूर आलेला बघून ती उठली. बायको चालली तर साहेबांना सुट्टी मिळाली, खुदाचीच मेहेरबानी, असं पुटपुटत ती जिना उतरली. जहूर बूट न काढताच आत आला आणि भिंतीपाशी उभा राहिला. अंगाला घाम फुटला होता. तापमान छत्तीस असावं. तो म्हणाला, "तो कागद."

"कोणता?" जैनबने साडीची घडी मोडून पुन्हा घातली.

"अकराचा. त्यावर इंग्रजी टाइम हे शब्द मी नंतर लिहिले. ती गेल्यावर. सकाळी घरी आलो होतो तेव्हा. तू बरोबर वाचलं होतंस."

हे बोलायला लागलेला वेळ ते शब्द लिहायला लागलेल्या वेळापेक्षा फारसा जास्त नव्हता, ही गोष्ट त्याच्या लक्षात आली आणि तिची त्याला लाज वाटली. जैनब ओरडेल, रडेल, निदान हातातलं खाली ठेवील, असं त्याने धरलं होतं. तिने साडी ट्रंकेत ठेवली, वरून हात फिरवून सपाट केली.

"माहीत आहे," ती म्हणाली. "ती जाऊन चाळीस दिवस झाले, त्या चाळिसाव्याला कळलं."

ती पुढे बोलली तेव्हा आवाज तोच होता, पातेल्यात मीठ घातलं का विचारण्याचा. "त्या दुपारी मी तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होते. चार वेळा उठून तो कागद हातात घेऊन वाचला. हात ओले होते. तुमची ती ऑफिसची पेन्सिल, पाणी लागलं की जांभळी होते. अकरा जांभळं झालं होतं. हॉस्पिटल जांभळं झालं होतं, उशीर नको तेही. इंग्रजी टाइम तेवढं करडंच होतं. त्या दिवशी मला काही दिसलं नाही. चाळिसाव्याला कागद बाहेर काढला, तेव्हा दिसलं."

कॉपिंग पेन्सिल. खालच्या प्रतीवर ठसा नीट उमटावा म्हणून ऑफिस ती पुरवायचं. ओल्या हाताने कागदाला शिवू नका, डाग पडतात, अशी ताकीद तो स्वतः नव्या माणसांना द्यायचा. अंधुक खोलीत त्याने समासातली जागा पाहिली होती. रंग पाहिला नव्हता. चार वर्षं तो कागद याच घरात होता.

"मग कधी बोलली का नाहीस?" त्याने विचारलं, आणि विचारतानाच आपण किती खालच्या आवाजात बोलतो आहोत हे त्याला ऐकू आलं.

"विचारत होते की," जैनब म्हणाली. "रोज विचारत होते."

खाली गल्लीत कुणीतरी हातगाडी ढकलत नेत होतं. चाकाचा आवाज बराच लांबपर्यंत गेला. जहूर मनातल्या मनात मोजू लागला, कारण त्याला दुसरं काही करता येत नव्हतं: चार वर्षं, दिवसातून किमान तीन वेळा. साडेचार हजारांच्या घरात. साडेचार हजार वेळा तिने दार उघडून धरलं होतं आणि त्याने साडेचार हजार वेळा तिला किती वाजले ते सांगितलं होतं.

"तू म्हणाली होतीस, तुझ्या हातात मूल राहत नाही."

"तुमच्यासमोर दुसरं काय म्हणणार होते?" तिने पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. "ऐका. चूक झाली, ती झाली. तुम्ही लिहिताना चुकलात, मी विचारायला हवं होतं. ती गेली त्यावरून मी तुम्हाला एक शब्द बोलले नसते. अल्लाची मर्जी म्हणून दोघं रडलो असतो. पण तिला पुरून आलात आणि मला भिंतीकडे बोट दाखवलंत. त्या घरात मी दुसरं मूल कसं वाढवू? उद्या त्याला काही झालं, तर कागद पुन्हा बदलेल."

जहूरला म्हणायचं होतं की आता बदलणार नाही. वाक्य तयार होतं, पण त्याला पुरावा नव्हता, आणि पुरावा नसलेलं वाक्य तिच्यापुढे ठेवण्याचा हक्क आपण गमावला आहे हे त्याला दिसत होतं. तो भिंतीपासून दूर झाला, बूट काढले, ते दाराबाहेर नीट जोडून ठेवले आणि परत आला. जैनब झबली एकेक करून ट्रंकेत लावत होती. मग ती म्हणाली की मूल आता जुलेखाला देणार नाही; जुलेखाला वाईट वाटेल, पण तिला ती समजावील. मूल तिच्यापाशी राहील. इथे आणायचं की तिकडेच राहायचं, ते ती तिकडे गेल्यावर ठरवील. त्याने पत्र घालून विचारू नये. ठरलं की ती कळवील. आणि वाटेत लागेल म्हणून बडीशेप आणून ठेवायला ती त्याच आवाजात सांगत होती, तेव्हा पुढचे शब्द आणि मागचे शब्द यांत कुठे फरक करायचा हे जहूरला कळेना. त्याने मान डोलावली.

"आज का सांगितलंत?" तिने विचारलं.

त्याला पोथी आठवली, बॅरेट साहेबांचा पाइप आठवला, चाकू धरलेला हात आठवला. यातलं काहीही सांगितलं असतं तर ते खरं ठरलं असतं आणि तरीही ती सबब झाली असती. "उद्या तू नसणार," तो म्हणाला.

जैनबने ट्रंकेचं झाकण पाडलं. ते टेकलं नाही. एका बाजूने चार बोटं वर राहिलं. तिने दोन्ही हातांनी दाबलं, पण तिला वाकता येत नव्हतं. ती बाजूला झाली, पोटाला हात लावून श्वास घेतला आणि म्हणाली, "यावर बसा."

तो बसला. पत्रा खाली गेला, आतल्या कापडांचा आणि डब्यांचा दाब त्याला मांड्यांखाली लागला. ती कष्टाने गुडघ्यावर टेकली, त्याच्या दोन पायांमधून हात घालून कडी अडकवली, कुलूप लावलं. दोनदा ओढून पाहिलं. किल्ली पदराच्या टोकाला बांधली.

"उठा आता," ती म्हणाली.

जहूर लगेच उठला नाही.